बोव्हेचे कॅथेड्रल दोनदा का कोसळले आणि आजही का उभे आहे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रान्समधील बोव्हे येथील सेंट पीटर कॅथेड्रलचे दगडी छत हे गॉथिक कॅथेड्रलांमध्ये सर्वांत उंच मानले जाते. ते 1284 मध्ये कोसळले आणि 1573 मध्ये त्याचा मनोराही कोसळला. संरचनेचे शास्त्र माहीत नसताना हव्यासापोटी अति उंच बांधले म्हणून ते पडले, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. हे खरे आहे का, आणि खरे असेल तर उरलेली इमारत आजपर्यंत उभी कशी?

दगड-चुन्याच्या जुन्या इमारतींची संरचना तपासणे हे माझे काम आहे, आणि या विषयात वारंवार उद्धृत होणाऱ्या उदाहरणांपैकी बोव्हे हे सर्वांत जास्त चुकीच्या अर्थाने सांगितले जाणारे उदाहरण आहे, असे माझे मत आहे. माझे उत्तर असे: ही इमारत उंचीमुळे पडली नाही. दोन्ही वेळा छताचा किंवा मनोऱ्याचा भार जमिनीपर्यंत नेणाऱ्या वाटेतील एखादा दुवा कमजोर होता, किंवा तो बांधलेलाच नव्हता. याचा सर्वांत ठोस पुरावा इमारतच देते, कारण 1284 नंतर छत पुन्हा बांधताना त्याची उंची कमी केली गेली नाही आणि ते छत साडेसहा शतकांहून अधिक काळ आपल्या जागी आहे.

हे समजण्यासाठी दगडी बांधकाम कशाने पडते ते आधी पाहावे लागेल. एक घनमीटर चुनखडीचे वजन साधारण सव्वादोन टन भरते. बऱ्यापैकी प्रतीच्या चुनखडीची दाब सोसण्याची क्षमता लक्षात घेतली, तर त्या दगडाचा सरळ खांब स्वतःच्या वजनाने चिरडला जाण्यासाठी एक किलोमीटरहून अधिक उंच असावा लागेल. बोव्हेचे छत जमिनीपासून सुमारे 48 मीटरवर आहे. छप्पर, छत आणि भिंती यांचे सारे ओझे धरले तरी खांबांमधील दाब दगडाच्या क्षमतेचा लहानसा अंशच राहतो. याचा अर्थ दगडी इमारत सहसा दगड चिरडून पडत नाही. दगड जागेवरून सरकतात, सांधे उघडतात, कमान बिजागरीसारखी वळते आणि मग पडझड होते. चुन्याच्या सांध्यात ताण सोसण्याची ताकद जवळजवळ नसते. त्यामुळे प्रत्येक सांधा दाबाखाली राहील अशी आकृती निवडणे, एवढीच दगडी स्थापत्याची खरी अट आहे.

ही अट रॉबर्ट हुक याने 1675 मध्ये एका वाक्यात सांगितली. लोंबकळणारी साखळी जो आकार घेते तोच आकार उलटा केला की ती उभी राहणारी कमान होते, असा त्याचा आशय होता. साखळीत सर्वत्र ताण असतो, उलट्या आकारात सर्वत्र दाब असतो. आज आम्ही कमानीच्या जाडीच्या आत अशी एक रेट्याची रेषा बसते का, हे तपासतो. ती छतातून, बाजूच्या आधारातून आणि पायापर्यंत दगडाच्या आतच राहत असेल तर बांधकाम सुरक्षित असते, आणि ती एखाद्या ठिकाणी दगडाबाहेर जात असेल तर तिथे सांधा उघडतो. या नियमाचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. संपूर्ण इमारत सर्व बाजूंनी त्याच प्रमाणात मोठी केली, तर रेट्याच्या रेषेची दगडातील जागा बदलत नाही. म्हणूनच मध्ययुगीन मुख्य गवंडी जे प्रमाणांचे नियम वापरत, म्हणजे रुंदीच्या अमुक पट उंची, उंचीच्या अमुक हिश्शाएवढी आधाराची जाडी, ते नियम आकडेमोडीशिवायही बरोबर ठरत. त्यांच्याजवळ शास्त्र नव्हते असे म्हणणे मला मान्य नाही. त्यांचे शास्त्र भूमितीत होते, आणि दगडी बांधकामासाठी भूमिती हेच योग्य शास्त्र आहे.

गॉथिक रचनेची तीन अंगे सर्वांना परिचित आहेत, त्यामुळे ती थोडक्यात सांगतो. टोकदार कमान अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा आधारावर कमी आडवा रेटा देते, शिवाय वेगवेगळ्या रुंदीचे गाळे असले तरी कमानींची टोके एकाच उंचीवर आणता येतात. फासळ्यांमुळे छताची विभागणी होते आणि भार प्रत्येक खणाच्या चार कोपऱ्यांवर एकवटतो. तिसरे अंग म्हणजे फ्लाइंग बट्रेस, बाजूच्या दालनांच्या वरून झेपावणारी अर्धी कमान, जी तो एकवटलेला रेटा बाहेरच्या भक्कम दगडी आधारापर्यंत नेते. तिची खालची फळी छताचा रेटा घेते आणि वरची फळी मुख्यतः छपरावर आदळणाऱ्या वाऱ्याचा. या व्यवस्थेमुळे भिंतीला भार वाहण्याचे काम उरत नाही आणि तिथे काच येते. बोव्हेच्या छताची जादू या काचेत आहे, कारण तिथल्या वरच्या खिडक्यांच्या ठिकाणी दगड जवळजवळ उरलेलाच नाही.

आता इमारतीकडे येतो. बोव्हे हे पॅरिसच्या उत्तरेला, थेरां नदीकाठचे, लोकरी कापडाच्या धंद्यावर श्रीमंत झालेले शहर होते आणि तिथला बिशप एकाच वेळी धर्मगुरू आणि सरंजामदार होता. 1225 मध्ये जुन्या कॅथेड्रलला आग लागली, तेव्हा बिशप मिलाँ द नान्तय याने नवे कॅथेड्रल बांधायला घेतले आणि त्यासाठी बिशप व धर्ममंडळाने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याचे ठरवले. त्या काळी उत्तर फ्रान्समध्ये उंचीची जणू परंपरा तयार होत होती. पॅरिसच्या नोत्र दामचे छत सुमारे 33 मीटर, शार्त्रचे 37, रैंसचे 38 आणि आमियांचे 42 मीटर. आमियां बोव्हेपासून जवळच आहे आणि त्याचे काम 1220 मध्ये सुरू झाले होते, त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या गवंड्यांना एकमेकांचे काम माहीत नसणे शक्यच नव्हते.

बोव्हेचे काम मात्र सलग झाले नाही. 1233 मध्ये शहरात दंगल उसळली, राजा नववा लुई याने सैन्यासह हस्तक्षेप केला आणि बिशप व राजसत्ता यांच्यात मोठा तंटा झाला. पैशाचा ओघ कधी वाढला, कधी आटला, आणि खालचे बांधकाम व वरचे बांधकाम वेगवेगळ्या मुख्य गवंड्यांच्या हातून झाले. हे मला फार महत्त्वाचे वाटते. एका हाताने आखलेल्या पायावर दुसऱ्या हाताने वेगळ्या कल्पनेचे वरचे मजले चढवले, की दोन्ही कामे स्वतंत्रपणे उत्तम असूनही त्यांच्या सांध्यावर प्रश्न उभा राहतो. बोव्हेत नेमके तसेच घडले. वेदीकडील भाग, ज्याला तिकडे क्वायर म्हणतात, 1272 मध्ये पूर्ण होऊन वापरात आला, आणि 29 नोव्हेंबर 1284 रोजी, म्हणजे अवघ्या बारा वर्षांनी, त्याचे वरचे छत कोसळले.

कारण कोणते, याविषयी गेल्या दीडशे वर्षांत गंभीर अभ्यासकांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि ती सारी वाचण्यासारखी आहेत. एकोणिसाव्या शतकात नोत्र दामच्या जीर्णोद्धारामुळे प्रसिद्ध झालेल्या व्हिओले-ल-द्युक याने वरच्या खांबांच्या बाहेरील बाजूच्या जोड-खांबांकडे बोट दाखवले. तिथे मुख्य खांब लहान दगडांच्या अनेक थरांचा आहे आणि त्याच्या लगतचे बारीक जोड-खांब अखंड लांब दगडांचे होते. चुना हळूहळू वाळतो, आकसतो आणि दाबाखाली बसत जातो. ज्या खांबात सांधे अनेक तो अधिक बसतो, आणि ज्यात सांधे जवळजवळ नाहीत तो बसत नाही. मग न बसणाऱ्या बारीक खांबांवर नको तेवढा भार येतो, ते तुटतात, त्यांच्यावरचा दगड कलतो आणि त्या दगडाला टेकलेल्या फ्लाइंग बट्रेसचा आधार ढिला होतो. विसाव्या शतकात केंब्रिजचे जॅक हेमन यांनी या तर्काला संरचनाशास्त्राची जोड दिली. बारा वर्षांचा कालावधी त्याच्याशी चांगला जुळतो. आकृतीच मुळात चुकीची असती, तर कमानीखालचा लाकडी सांगाडा काढताच छत खाली आले असते. बारा वर्षे उभे राहून मग पडणे, याचा अर्थ काहीतरी हळूहळू बदलत होते.

दुसरे उत्तर रॉबर्ट मार्क आणि मॉरी वुल्फ यांनी 1970 च्या दशकात दिले. त्यांनी इमारतीच्या छेदाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती तयार केल्या, त्यांना भार देऊन ध्रुवीकृत प्रकाशात ताणाचे पट्टे पाहिले, आणि वाऱ्यामुळे मधल्या आधारांत ताण निर्माण होतो असे दाखवले. हे मधले आधार म्हणजे काय ते सांगायला हवे. बोव्हेच्या क्वायरला प्रत्येक बाजूला दोन-दोन दालने आहेत आणि आतले दालन स्वतःच फार उंच आहे. त्यामुळे फ्लाइंग बट्रेसला एका झेपेत बाहेर पोहोचता येत नाही. ती मध्ये एका उभ्या आधारावर टेकते आणि तिथून दुसरी झेप घेते. हा मधला आधार खालच्या खांबाच्या बरोबर माथ्यावर नाही. तो आतल्या बाजूला सरकलेला आहे आणि त्याचा काही भाग दालनाच्या छतावर तोललेला आहे. इतक्या मोठ्या इमारतीत ओळंब्याबाहेरचा आधार ठेवणे हे धाडस होते. प्रत्येक जोराच्या वाऱ्याला त्याच्या सांध्यांत बारीक भेगा पडत गेल्या असाव्यात, आणि जमिनीपासून इतक्या वर, बाहेरच्या बाजूला असलेल्या भेगा वेळेवर दिसणे अवघड होते.

स्टीफन मरी यांनी इमारतीचा दगड-दगड वाचून आणखी एक गोष्ट पुढे आणली. क्वायरचे सरळ खण फार रुंद ठेवलेले होते, आमियांपेक्षाही रुंद, आणि त्यामुळे एकेका मधल्या आधारावर येणारा वाटा वाढला होता.

या तीन उत्तरांपैकी एकच खरे मानावे, असे मला वाटत नाही, आणि माझ्या कामाचा अनुभवही तसा नाही. दगडी इमारतीत ढासळण्याचे एकच कारण क्वचित सापडते. एक त्रुटी असली तर रेटा दुसरी वाट शोधतो आणि इमारत थोडी वाकून स्थिर होते. दोन-तीन त्रुटी एकाच वाटेवर आल्या की पर्यायी वाट उरत नाही. तरीही वजन द्यायचेच झाले तर मी रुंद खण आणि ओळंब्याबाहेरचा मधला आधार या जोडीला देईन, कारण त्याला एक साक्षीदार आहे. क्वायरच्या टोकाचा अर्धगोलाकार भाग 1284 मध्ये पडला नाही. त्याची उंची तीच, दगड तोच, गवंडीही तेच, पण तिथले खांब जवळजवळ आहेत, त्यामुळे प्रत्येक आधारावरचा वाटा लहान आहे. उंची हे कारण असते तर हा भागही गेला असता.

त्या काळच्या गवंड्यांनीही निदान हेच केले होते, आणि ते त्यांच्या दुरुस्तीवरून कळते. सरळ खणांमध्ये प्रत्येक दोन जुन्या खांबांच्या मध्ये एकेक नवा खांब घातला गेला, त्यामुळे तीन रुंद खणांचे सहा अरुंद खण झाले. प्रत्येक खणाचे छत चार भागांऐवजी सहा भागांचे झाले. ही पद्धत तोपर्यंत जुनी मानली जात होती, पण इथे ती योग्य होती. या दुरुस्तीला चौदाव्या शतकातील बराच काळ लागला. छताची उंची तशीच राहिली. एका अपयशानंतर घाबरून माघार न घेता, नेमका जो दुवा कमजोर होता तोच पक्का करणे, याला मी उत्तम अभियांत्रिकी म्हणतो.

पुढे शंभर वर्षांच्या युद्धाने आणि साथींनी काम थांबले. शहराची हिंमत मात्र खचली नव्हती. 1472 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने वेढा घातला तेव्हा जान हाशेत या तरुणीच्या नेतृत्वाखाली बायका तटावर लढल्या आणि त्या विजयाचा उत्सव बोव्हेत आजही होतो. 1500 मध्ये मार्तँ शांबीज या नामवंत मुख्य गवंड्याला बोलावून क्वायरला लागून आडवी दालने, म्हणजे ट्रान्सेप्ट, बांधायला घेतली गेली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती पूर्ण झाली. दक्षिणेचा दर्शनी भाग गॉथिक शैलीच्या अखेरच्या बहराचा फार सुंदर नमुना आहे.

इथे धर्ममंडळापुढे प्रश्न होता: उरलेले पैसे कशावर खर्च करायचे? पश्चिमेला लोकांनी उभे राहण्याचे मुख्य दालन, म्हणजे नेव्ह, बांधायचे बाकी होते. ते न बांधता क्वायर आणि ट्रान्सेप्ट जिथे छेदतात त्या चार खांबांवर मनोरा चढवण्याचा निर्णय झाला. जाँ व्हास्त याच्या देखरेखीखाली 1569 मध्ये मनोरा पूर्ण झाला. खालचे टप्पे दगडी, वरचा निमुळता शंकू लाकडी, एकूण उंची सुमारे 153 मीटर. त्या वेळी जगात एवढी उंच दुसरी इमारत नव्हती असे मानले जाते.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. मधल्या चार खांबांना पूर्वेकडून क्वायर टेकू देतो, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून ट्रान्सेप्टच्या दोन बाजू. पश्चिमेकडून काहीच नाही, कारण नेव्ह बांधलेच नव्हते. मनोऱ्याच्या वजनाने मोठ्या कमानी जो रेटा देत होत्या त्याला तीन दिशांनी उत्तर होते आणि चौथी दिशा मोकळी होती. खांब पश्चिमेकडे झुकू लागले. 1571 मध्ये पॅरिसहून आलेल्या जाणकार गवंड्यांनी पाहणी करून पश्चिमेच्या बाजूला आधाराचे बांधकाम करावे असा सल्ला दिला. निदान अचूक होते. त्यावर चर्चा होत राहिली आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 1573 चा एप्रिल उजाडला. 30 एप्रिल 1573 रोजी, स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, भाविकांची मिरवणूक चर्चबाहेर पडल्यानंतर मनोरा खाली आला. गर्दी बाहेर असल्यामुळे प्राणहानी टळली. या दुसऱ्या पडझडीला मी बांधकामाच्या क्रमाची चूक म्हणेन. नेव्हचे दोन-तीन खण आधी बांधले असते, तर तोच मनोरा त्याच खांबांवर दीर्घकाळ उभा राहण्याची शक्यता बरीच वाढली असती.

दुरुस्तीत पैसे संपले. नेव्हचा एकच खण सुरू झाला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी काम कायमचे थांबले. पश्चिमेकडे तात्पुरती म्हणून उभारलेली भिंत आजही तिथेच आहे, आणि तिच्यापुढे दहाव्या शतकातील जुने ठेंगणे चर्च, ज्याला बास-अव्हर म्हणतात, टिकून आहे, कारण ज्या नेव्हसाठी ते पाडायचे होते ते झालेच नाही. 1940 च्या बॉम्बहल्ल्यांत आसपासचे जुने शहर जळाले तरी कॅथेड्रल वाचले.

शेवटचा भाग आजच्या स्थितीचा. फ्लाइंग बट्रेस आणि आधार यांना जोडणाऱ्या जुन्या लोखंडी सळया तिथे होत्या. 1960 च्या दशकात त्या विद्रूप आणि अनावश्यक समजून काही सळया काढल्या गेल्या, तेव्हा वाऱ्यात बांधकाम डोलू लागले आणि पोलादी सळया पुन्हा बसवाव्या लागल्या. लोखंडाचा प्रश्न खरोखर अवघड आहे. दगडात रुतवलेले लोखंड गंजले की फुगते आणि दगड फोडते. मुंबईच्या खाऱ्या हवेत, 1888 मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या पिढीतील गॉथिक धाटणीच्या इमारतींवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. त्यामुळे गंजणारे लोखंड काढून टाकण्याची इच्छा समजू शकते. पण एखादा दुवा काढण्यापूर्वी तो कोणता भार वाहतो हे मोजले पाहिजे, आणि तो भार दुसऱ्या वाटेने नेण्याची तजवीज आधी झाली पाहिजे.

उत्तरेकडील ट्रान्सेप्टमध्ये 1990 च्या दशकात लाकूड आणि पोलाद यांचे प्रचंड टेकू उभारले गेले. पाहायला जाणाऱ्या अनेकांना ते खटकतात. माझ्या मते ते तिथे असणे योग्य आहे, कारण ते दगडात न रुतवता बसवलेले आहेत आणि गरज संपली तर इजा न करता काढता येतील. दरम्यान 2001 पासून लेझरने इमारतीची त्रिमितीय मोजणी झाली, तिच्यामुळे खांब किती आणि कोणत्या दिशेने कलले आहेत हे तपासता येते. दगडी इमारत शतकानुशतके थोडी-थोडी हलतच असते. ती हालचाल थांबत आहे की वाढत आहे, हे कळण्यासाठी मोजमापे अनेक वर्षे सातत्याने घ्यावी लागतात, आणि तोवर टेकू काढण्याची घाई करू नये.

प्रत्यक्ष जाणार असाल तर क्वायरमध्ये उभे राहून आधी खांब पाहा. एकाआड एक खांब नंतर घातलेला आहे, आणि अरुंद कमानींच्या वर जुन्या रुंद कमानींची रेषा भिंतीत ओळखू येते. मग अर्धगोलाकार टोकाकडे वळून तिथल्या खांबांमधील अंतर या नव्या अंतराशी ताडून पाहा, आणि बाहेर दक्षिणेकडून फ्लाइंग बट्रेसचा मधला आधार कुठे टेकला आहे ते शोधा. 1284 चे कारण आणि त्यावरचा उपाय, दोन्ही या तीन जागी पाहायला मिळतात.